जानेवारीत क्लिकचा दर का पडतो

दर वर्षी संक्रांतीच्या आसपास मला एकच प्रश्न येतो. नागपूरची, अमरावतीची, यवतमाळची स्वतःची साइट चालवणारी पोरं-पोरी विचारतात, "ताई, वाचक तेवढेच आहेत, जाहिरातींवरचे क्लिकही तेवढेच, मग पैसे एवढे कसे उतरले?" काही जण तर साइटच बंद करायला निघालेले असतात. आपलं लिखाण पडलं किंवा गूगलनं काहीतरी शिक्षा लावली असं त्यांना वाटतं. यंदा एकेकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा जे माहीत आहे ते सगळं इथे लिहून ठेवते.

मी घरातल्या विजेच्या वस्तूंवर मराठीत लिहिते. कूलर, गिझर, मिक्सर, इन्व्हर्टर, पंखे. कोणता घ्यावा, किती वीज खातो, बिघडला तर आधी काय तपासावं. साइटवर ॲडसेन्सच्या, म्हणजे गूगल आपल्या साइटवर जाहिराती दाखवून पैसे देतं त्या सेवेच्या, जाहिराती आहेत आणि माझा खर्च त्यातून निघतो. रोज सकाळी चहा झाला की मी एका लांबट वहीत आकडे लिहिते. किराणा दुकानात उधारीसाठी असते तसली ती वही आहे. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात तिथी आणि सण, मग वाचक, क्लिक, दर क्लिकमागे मिळालेले पैसे, आणि शेवटी हजार पानांमागची कमाई. तिथीचा रकाना पाहून लोकांना नवल वाटतं. पण खरं गणित त्या रकान्यातच आहे, त्यावर पुढे येतेच.

आधी दर ठरतो कसा ते बघू. नागपूरच्या कळमना मार्केटमध्ये संत्र्याचा लिलाव ज्यांनी पाहिलाय त्यांना हे लगेच कळेल. ढीग तोच, फळ तेच, अडत्याही तोच. पण ज्या दिवशी बाहेरगावचे व्यापारी गाड्या घेऊन आलेले असतात त्या दिवशी बोली चढते, आणि ज्या दिवशी ते येत नाहीत त्या दिवशी तोच माल कमी भावात जातो. शेतकऱ्यानं त्या एका रात्रीत काही बिघडवलेलं नसतं. आपल्या पानावरची जाहिरातीची जागा अशीच दर वेळी लिलावात निघते. वाचकानं पान उघडलं की क्षणभरात बोली लागते, जिंकणाऱ्याची जाहिरात दिसते. २०२१ च्या अखेरीपासून ॲडसेन्समध्ये जिंकणारा स्वतःच्या बोलीएवढीच किंमत देतो; त्याआधी दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवरून किंमत ठरायची. जाहिरात गूगल ॲड्समधून, म्हणजे जाहिरातदारांसाठीच्या गूगलच्या सेवेतून, आली असेल तर जाहिरातदारानं दिलेल्या पैशातले साधारण ६८ टक्के साइटवाल्याच्या हाती येतात. हा वाटा जानेवारीतही तोच असतो आणि दिवाळीतही तोच. बदलतात ते बोली लावणारे.

आणखी एक बदल नव्या लोकांना माहीत नसतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगलनं जाहीर केलं की ॲडसेन्स यापुढे क्लिकवर पैसे देणार नाही, जाहिरात दिसण्यावर देईल, आणि २०२४ पासून ते लागू झालं. तरी मी एकूण कमाईला क्लिकनं भागून तो जुना दर काढतेच. बरेच जाहिरातदार अजूनही क्लिकचाच हिशेब करून बोली लावतात, त्यामुळे ऋतूचा चढउतार त्या आकड्यात लवकर उमटतो.

आता जानेवारी. दसरा-दिवाळीला ज्यांना फ्रिज, वॉशिंग मशीन घ्यायचं होतं त्यांनी घेतलेलं असतं. नाताळ आणि वर्षअखेरचे सेलही संपलेले असतात. बऱ्याच परदेशी कंपन्यांचं वर्ष ३१ डिसेंबरला संपतं, म्हणून जाहिरातीसाठी राखलेला उरलासुरला पैसा त्या डिसेंबरातच खर्च करून टाकतात, आणि नव्या वर्षाचं बजेट मंजूर होऊन हातात यायला वेळ लागतो. शिवाय हल्ली बहुतेक बोली माणूस लावत नाही, यंत्रणा लावते. हा वाचक क्लिक करून खरंच खरेदी करेल याची शक्यता किती, त्याच्यावर ती बोली ठरवते. दिवाळीच्या आधी 'कोणता मिक्सर घ्यावा' वाचणारी बाई आठवडाभरात मिक्सर घेणार असते. जानेवारीत तेच पान वाचणारी नुसती माहिती काढत असते. वाचकांची संख्या सारखी दिसते, पण जाहिरातदाराच्या लेखी त्या दोघींची किंमत वेगळी.

माझ्याकडे हे गिझरच्या पानावर सगळ्यात ठळक दिसतं. नागपूरला डिसेंबर-जानेवारीत चांगलीच थंडी पडते, पारा दहाच्या खाली उतरतो. 'गिझरचं पाणी तापत नाही' हे पान तेव्हा दणकून वाचलं जातं आणि तरी कमाई वाढत नाही. ज्याचा गिझर बंद पडलाय त्याला दुरुस्तीवाला हवा असतो, नवा गिझर नाही. त्याच्यासाठी बोली लावायला मोठी कंपनी येत नाही.

फेब्रुवारीपासून चित्र पालटायला लागतं, आणि मार्च आला की आपल्याकडचं आर्थिक वर्ष संपायला आलेलं असतं. आयकरात दीड लाखापर्यंतच्या गुंतवणुकीवर वजावट मिळते (१९६१ च्या कायद्यातलं कलम ८०सी), ती गुंतवणूक दाखवायची म्हणून पॉलिसी, म्युच्युअल फंड यांच्या जाहिराती ओसंडून वाहतात. माझी साइट कूलर-मिक्सरची असली तरी त्या माझ्याकडेही येतात, कारण जाहिरात पानाच्या मागे लागते तशीच माणसाच्याही मागे लागते. पगारदार माणूस माझ्याकडे पंख्याबद्दल वाचत असतो आणि बाजूला त्याला विम्याची जाहिरात दिसत असते. मात्र २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी करप्रणाली आपोआप लागू होणारा पर्याय झाली, आणि तिच्यात ८०सीची वजावट नाही. माझ्या वहीत मार्चची ती उचल तेव्हापासून मऊ झालेली दिसते. जुने लेख वाचून जे मार्चवर फार भिस्त ठेवतात त्यांनी हे ध्यानात घ्यावं.

एक एप्रिलला पुन्हा खड्डा. नवं वर्ष, नवं बजेट, सगळं नव्यानं सुरू. प्रत्येक तिमाहीच्या सुरुवातीला असा थोडा उतार येतो आणि शेवटाकडे दर चढतो, पण एप्रिल आणि जानेवारी हे त्यातले मोठे.

माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा काळ उन्हाळ्याचा, आणि बाहेरच्या माणसाला सगळ्यात उलटा वाटेल असाही तोच. होळी झाली की नागपुरात घरोघरी कूलर बाहेर निघतात, ताट्या (कूलरच्या बाजूंच्या गवताच्या जाळ्या) बदलल्या जातात, टाकी घासली जाते. एप्रिल-मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की माझे वाचक वर्षातले सर्वांत जास्त असतात. मग दरही तेव्हाच सर्वांत जास्त असेल असं कोणालाही वाटेल. तसं होत नाही. दर चढतो फेब्रुवारीच्या शेवटी आणि मार्चमध्ये, ऊन तापायच्या आधी.

हे मला नीट समजलं ते माझ्या दिरांच्या दुकानात. नागपुरातच, सक्करदऱ्याला, त्यांचं कूलर-पंख्यांचं दुकान आहे. कंपन्यांच्या स्कीम हिवाळ्यातच येतात, अमुक नग आधी उचलले तर एवढी सूट. फेब्रुवारी-मार्चमध्ये गोदाम भरलेलं असतं आणि गिऱ्हाईक अजून फिरत नसतं. कंपनीला आणि दुकानदाराला, दोघांनाही, जाहिरात तेव्हाच हवी असते. मे महिन्यात मी त्यांना विचारलं होतं की आता एवढी गर्दी आहे तर जाहिरात का थांबवली. ते म्हणाले, "वहिनी, माल असन तेव्हाच जाहिरात लागन. आता लोकं स्वतःहून येऊन राहिले, मालही संपत आला. कशाले पैसे घालवाचे?" मोठ्या कंपन्यांचंही थोड्याफार फरकानं तेच चालतं. गिऱ्हाईक आपणहून येतंय तिथे बोली लावायची गरज उरत नाही.

मे २०२४ च्या शेवटी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश तापमान दाखवलं होतं, आठवत असेल. पुढे हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. त्या दिवसांत माझ्या साइटवर वाचकांचा पूर आला होता. वहीत त्या आठवड्यासमोर वाचकांचा आकडा लाल शाईत आहे आणि दराचा आकडा मार्चच्या जवळपासही नाही.

उन्हाळ्यातही सगळी पानं सारखी नसतात. 'कूलरला वास का येतो' हे माझं सर्वांत जास्त वाचलं जाणारं पान, आणि क्लिकमागे सर्वांत कमी देणारं. ओल्या ताट्या रात्रभर तशाच राहिल्या, टाकीतलं पाणी बदललं नाही, की वास येतो. उपाय घरच्या घरी होतो, विकत घ्यायचं काही नसतं. उलट 'कूलर घ्यावा की एसी' हे पान त्याच्या मानानं थोडेच लोक वाचतात, पण तिथे एसीवाले बोली लावतात. एसीची किंमत कूलरच्या कितीतरी पट, त्यामुळे एका गिऱ्हाइकासाठी ते जास्त मोजायला तयार असतात. तरी वासाचं पान मी काढणार नाही. उकाड्यात रात्री झोप न येणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग होतो, आणि तोच माणूस पुढच्या वर्षी एसीचं पान वाचायला माझ्याकडेच येतो.

जून लागून पाऊस आला की आठवड्याभरात सगळं थंडावतं. जुलै अखेरीपर्यंत आयकर विवरणपत्र भरण्याच्या जाहिराती थोडाफार आधार देतात. ऑगस्टमध्ये पंधरा ऑगस्टचे सेल असतात. बाकी पावसाळ्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही.

खरी गंमत गणपती उठल्यावर सुरू होते, आणि तिथीचा रकाना मी का ठेवते ते इथे कळतं. पुष्कळ जण मागच्या वर्षीचा ऑक्टोबर आणि या वर्षीचा ऑक्टोबर समोरासमोर ठेवतात आणि घाबरतात. पण दिवाळी इंग्रजी महिना पाळत नाही. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला, आणि २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. नोव्हेंबर २०२३ चे पहिले दहा-बारा दिवस ऐन खरेदीचे होते. नोव्हेंबर २०२५ उजाडला तेव्हा फराळाचे डबेसुद्धा रिकामे झाले होते. या दोन महिन्यांची तुलना केली तर साइट बुडाली असंच वाटणार. तीच तुलना घटस्थापना ते भाऊबीज अशी केली की आकडे ताळ्यावर येतात. दर दोन-तीन वर्षांनी अधिक महिना येतो आणि सगळं पुन्हा पुढे सरकतं. ज्याच्या भिंतीवर मराठी कॅलेंडर आहे त्याला हे समजायला वेगळं काही शिकावं लागत नाही.

पितृपक्षाचा नियम मात्र पूर्वीसारखा राहिलेला नाही. आमच्याकडे पितृपक्षात नवी वस्तू घरात आणत नाहीत, नागपूरच्या इतवारीत, सीताबर्डीवर दुकानं ओस असतात, आणि स्थानिक दुकानदारांच्या जाहिराती तेव्हा खरंच बंद होतात. पण २०२४ मध्ये ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट, दोघांचेही मोठे सेल सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे पितृपक्षातच सुरू झाले. घटस्थापना ३ ऑक्टोबरला होती. दर त्या वर्षी पितृपक्षातच उचलला गेला. म्हणून आता मी तिथीसोबत सेलच्या तारखाही लिहिते.

२०२५ मध्ये आणखी वेगळं घडलं. जीएसटी कमी होणार हे ऑगस्टमध्येच कळलं होतं, आणि एसी, मोठे टीव्ही यांच्यावरचा कर २२ सप्टेंबरपासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नेमकी त्याच दिवशी घटस्थापना होती, आणि दुसऱ्या दिवशी ऑनलाइन सेल सुरू झाले. त्याआधीचे काही आठवडे लोक थांबूनच होते. माझे वाचक 'आत्ता घ्यावा की थांबावं' हेच शोधत होते, क्लिक होत होते, दर मात्र तळाला. घटस्थापनेनंतर तो असा चढला की तीन आठवड्यांचं साचलेलं एकदम मोकळं झालं. हे ज्यांनी पंधरा सप्टेंबरला पाहिलं आणि हात टेकले त्यांची मला फार हळहळ वाटते. आणखी थोडे दिवस थांबायचं होतं फक्त.

वाचक कुठे बसलाय यावरही ऋतू बदलतो. माझं एक पान आहे, अमेरिकेत आपला मिक्सर चालतो का. तिकडे वीज १२० व्होल्ट, आपला मिक्सर २३० व्होल्टचा, ट्रान्सफॉर्मर लावावा तर केवढा लावावा, असं सगळं त्यात आहे. मुलाकडे निघालेले आईवडील इथून वाचतात आणि तिकडच्या मुली तिथून. तिकडून आलेल्या क्लिकचा दर इथल्यापेक्षा बराच वर असतो, आणि त्याचं शिखर दिवाळीला येत नाही. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी त्यांचा थँक्सगिव्हिंग, दुसऱ्या दिवशी ब्लॅक फ्रायडे, तिथपासून नाताळच्या आठवड्यापर्यंत. नाताळपर्यंत पार्सल घरी पोचण्याची मुदत गेली की तिथले दुकानदार हात आखडता घेतात, आणि एक जानेवारीला ते पान माझ्या सगळ्या पानांत जास्त कोसळतं. तुमच्या साइटचे वाचक परदेशात जास्त असतील तर जानेवारीचा फटका तुम्हाला शेजाऱ्यापेक्षा मोठा बसेल. त्यात तुमचं काही चुकलेलं नाही.

पैसे हातात यायला वेळ लागतो हेही गणितात धरावं. एका महिन्याची कमाई पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला पक्की होते आणि २१ ते २६ तारखेच्या दरम्यान निघते, तेही खात्यात शंभर डॉलर जमले असतील तर. म्हणजे दिवाळीची कमाई दिवाळीच्या खर्चाला येत नाही, आणि डिसेंबरची चांगली रक्कम जानेवारी अखेरीस येते, जेव्हा स्क्रीनवरचे आकडे रडवत असतात. मी ती रक्कम फेब्रुवारीच्या शेवटी येणाऱ्या बारीक रकमेला जोडून घरखर्चाचा हिशेब धरते. नव्या मराठी साइटला शंभर डॉलर जमायलाच कित्येक महिने लागतात. घरी हे आधी सांगून ठेवा.

एक गोष्ट मला मनापासून खटकते आणि ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. आपल्या शहरात घरबसल्या कमाई शिकवणारे क्लास निघाले आहेत. त्यांच्या जाहिरातीत कमाईचा एक फोटो असतो आणि त्यातली तारीख बघा, ती ऐन दिवाळीच्या आधीची असते. त्या एका महिन्याला बारानं गुणून वर्षाची कमाई सांगतात. बारावी झालेली मुलगी आईकडून फीचे पैसे मागून आणते, जीव तोडून लिहिते, आणि जानेवारीत तिला वाटतं की आपल्यातच काही कमी आहे. फी घेणाऱ्यानं पहिल्याच दिवशी जानेवारी आणि एप्रिलचे आकडेही फळ्यावर मांडायला हवेत. एवढं तर कोणीही करू शकतं.

आणि पडत्या दिवसांत दोन गोष्टी कृपा करून करू नका. नातेवाइकांना, मित्रांना सांगून क्लिक करवून घेऊ नका. ते पकडलं जातं, कमाई कापली जाते, खातंही कायमचं जाऊ शकतं. आणि घट भरून काढायला पानावर जाहिरातींची दाटी करू नका. वाचक फोनवर वाचतो, परिच्छेदाआड जाहिरात आली की तो निघून जातो आणि दर चढेल तेव्हा परत आलेला नसतो.

मी जानेवारीत लिहिते. मार्चमध्ये जी पानं कमावणार ती शोधात वर यायला वेळ लागतो, त्यामुळे त्यांचं काम आत्ताच उरकावं लागतं. यंदा, म्हणजे १ जानेवारी २०२६ पासून, एसीच्या स्टार रेटिंगचे निकष बदललेत. त्यामुळे मागच्या वर्षीचा पाच स्टारचा एसी आणि यंदाचा पाच स्टारचा एसी यांत फरक आहे, आणि दुकानांत दोन्ही माल शेजारी-शेजारी उभा आहे. माझं एसीचं सगळं पान मी नव्यानं लिहायला घेतलंय. गुढीपाडवा यंदा १९ मार्चला आहे, मार्चअखेरीच्या आतच. २०२४ मध्ये तो ९ एप्रिलला होता, नेमका नव्या वर्षाच्या खड्ड्यात. यंदा पाडव्याची खरेदी आणि आर्थिक वर्षाचा शेवट एकाच वेळी येतोय, म्हणून मार्चकडून मला चांगली अपेक्षा आहे.

पुढे १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. अधिक महिन्यात लग्नं होत नाहीत, त्यामुळे आंदणासाठी घेतल्या जाणाऱ्या फ्रिज-मिक्सरच्या जाहिराती त्या काळात उतरतील असा माझा अंदाज आहे. जावयाला चांदीचं वाण देतात म्हणून सोनारांच्या जाहिराती कदाचित माझ्या पानांवरही दिसतील. लग्नाच्या खरेदीचे दोन नवे लेख मी म्हणूनच एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात टाकणार आहे, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, १९ एप्रिलच्या आधी ते लोकांना सापडायला लागतील. दिवाळी यंदा ८ नोव्हेंबरला आहे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला दर कमी दिसला तर मला फोन करण्याआधी घटस्थापना कधी आहे ते बघा.